मॉरिस चँग : दुसऱ्यांसाठीं चालणारा कारखाना

ग्रंथ लिहिणें ही एक विद्या आहे आणि ग्रंथ छापणें ही दुसरी. ग्रंथकारानें स्वतःचा छापखाना घातलाच पाहिजे, असें कोणी म्हणत नाहीं. तो आपलें हस्तलिखित छापखान्यांत नेऊन देतो, ठरलेली छपाई मोजतो आणि पुस्तकें घेऊन जातो. छापखानदारानें त्या हस्तलिखिताची चोरी करूं नये आणि तेंच पुस्तक स्वतःच्या नांवानें बाजारांत आणूं नये, एवढी साधी नीति दोघांमध्यें पाळली जाते. ही व्यवस्था इतकी परिचयाची आहे कीं, तिच्यांत कांहीं विशेष आहे असें वाटतही नाहीं. परंतु संगणक, दूरध्वनि, मोटारी, रुग्णालयांतील यंत्रें या सर्वांच्या पोटांत जो ‘चिप’ नांवाचा बारीक तुकडा असतो, त्याच्या धंद्यांत १९८७ पर्यंत ही व्यवस्था रूढ नव्हती. तेथें जो ग्रंथकार तोच छापखानदार, असा जणूं नियम होता. हा नियम ज्यांनीं बदलला ते मॉरिस चँग. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं त्यांनीं आपली कंपनी स्थापन केली, आणि दुसऱ्यांचें काम करावयाचें पण त्यांच्याशीं स्पर्धा करावयाची नाहीं, या एका बंधनावर तिचा सारा डोलारा उभा केला. हें बंधन त्यांना कसें सुचलें व तें पाळल्यानें काय घडलें, हें पाहण्यासारखें आहे.

आधीं चिप कशी तयार होते तें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे. वाळूपासून मिळणारें सिलिकॉन हें मूलद्रव्य अत्यंत शुद्ध करून त्याचा दंडगोलासारखा स्फटिक वाढवितात, आणि काकडीच्या चकत्या कराव्या तशा त्याच्या पातळ चकत्या कापतात. आजची मोठी चकती ३०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें एक फूट व्यासाची असते. तिच्यावर प्रकाशाच्या साहाय्यानें नकाशा उमटवावयाचा, नको असलेला भाग कोरून काढावयाचा, वर नवा थर चढवावयाचा आणि पुन्हां तेंच आरंभावयाचें, अशा शेंकडों क्रिया एकामागून एक चालतात. कोरी चकती कारखान्यांत शिरल्यापासून पुरी होऊन बाहेर पडेपर्यंत कित्येक आठवडे लागतात; अवघड कामाला तीन महिनेही लागतात. शेवटीं त्या एका चकतींतून अनेक चिपा कापून निघतात. या दीर्घ प्रवासांत धुळीचा एक कण पडला, उष्णता किंचित् कमीअधिक झाली, तरी तेवढी चिप वाया जाते. म्हणून शंभर चिपांपैकीं चांगल्या किती निघाल्या, यावर कारखान्याचें जीवन अवलंबून असतें. साखरेच्या कारखान्यांत उंसाच्या मानानें साखर किती पडली त्याला ‘उतारा’ म्हणतात. तोच शब्द येथें वापरण्यास हरकत नाहीं. चँग यांच्या आयुष्याच्या बहुतेक वळणांवर हा उतारा भेटतो.

चँग यांचा जन्म १० जुलै १९३१ रोजीं चीनमधील निंगबो या बंदराच्या गांवीं झाला. जपानशीं चाललेलें युद्ध आणि त्यानंतरची यादवी यांच्या धामधुमींत या कुटुंबाचें बिऱ्हाड नानकिंग, कँटन, हाँगकाँग, चुंगकिंग, शांघाय असें सारखें हलत राहिलें. मुलाला लेखक व्हावेंसें वाटे. त्या धंद्यावर पोट भरणार नाहीं, असें सांगून वडिलांनीं त्याला परावृत्त केलें. १९४९ सालीं, अठराव्या वर्षीं, चँग अमेरिकेस गेले व हार्वर्ड विद्यापीठांत दाखल झाले. त्या काळीं अमेरिकेंत चिनी माणसाला धोबीखाना किंवा खाणावळ चालविणें, नाहीं तर शिकून इंजिनियर अथवा अध्यापक होणें, याहून फारसे मार्ग मोकळे दिसत नव्हते, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. म्हणून वर्षभरानें ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रसिद्ध संस्थेंत गेले आणि यंत्रविद्येंत १९५२ सालीं पदवी व १९५३ सालीं त्यावरची पदवी घेऊन बाहेर पडले.

त्यापुढची पायरी डॉक्टरेटची होती. त्या अभ्यासक्रमासाठीं एक पात्रता परीक्षा द्यावी लागे. तींत चँग एकदां नापास झाले. दुसऱ्यांदा बसले, आणि पुन्हां नापास झाले. संस्थेचें दार बंद झालें. ज्या तरुणाला अध्यापक होऊन ग्रंथालयांत आयुष्य घालवावयाचें होतें, त्याला एकाएकीं नोकरीच्या शोधांत हिंडावें लागलें. हें अपयश म्हणजे आपल्या आयुष्यांतील मोठें भाग्य होतें, असें त्यांनीं वृद्धपणीं म्हटलें; पण त्या वेळीं त्यांना तें भाग्य वाटलें नव्हतें हें उघड आहे.

नोकरीचीं बोलावणीं आलीं त्यांत फोर्ड मोटार कंपनीचें एक होतें. पगार महिना ४७९ डॉलर. सिल्व्हेनिया या विजेचें सामान करणाऱ्या कंपनीचें दुसरें होतें. पगार ४८० डॉलर. चँग यांचा ओढा फोर्डकडे होता. त्यांनीं तेथें दूरध्वनि करून पगार थोडा वाढवितां येईल काय, असें विचारलें. उत्तर कोरडें मिळालें. तेव्हां १९५५ सालीं त्यांनीं सिल्व्हेनियाच्या अर्धवाहक विभागांत नोकरी धरली. ज्या पदार्थांतून वीज कधीं वाहते व कधीं वाहत नाहीं, आणि हें वाहणें आपल्या इच्छेनुसार नियंत्रित करतां येतें, त्यांना अर्धवाहक म्हणतात. सिलिकॉन त्यांपैकींच एक. यंत्रविद्येच्या या पदवीधराला त्या विषयाचा गंधही नव्हता. दिवसा काम करावें आणि रात्रीं शॉक्ले या शास्त्रज्ञाचा त्या विषयावरील कठीण ग्रंथ घेऊन बसावें, असा क्रम त्यांनीं ठेवला. अडलें म्हणजे एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यास गाठून शंका विचारीत. ज्या विद्येनें पुढें त्यांना जगांत मान दिला, ती त्यांनीं अशी नोकरी करतां करतां मिळविली.

१९५८ सालीं ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनींत गेले. त्याच वर्षीं तेथें जॅक किल्बी यांनीं अनेक विद्युत्-घटक एकाच तुकड्यावर बसवून दाखविले, आणि चिपचा जन्म झाला. चँग यांच्याकडे मात्र आलें तें कमी दिमाखाचें काम. आय.बी.एम. या बड्या गिऱ्हाइकासाठीं एक ट्रांझिस्टर तयार करावयाचा होता आणि त्याचा उतारा जवळजवळ शून्य होता. म्हणजे माल बनत होता आणि फेंकला जात होता. चँग यांनीं कामाची एकेक पायरी तपासली, उष्णता व दाब यांत पद्धतशीर फेरफार करून पाहिले, आणि कांहीं महिन्यांत उतारा वीस टक्क्यांच्या वर नेला. आय.बी.एम.च्या स्वतःच्या कारखान्यांतही तेवढा उतारा पडत नव्हता. वरिष्ठांची दृष्टि या तरुणाकडे वळली. कंपनीनें पगार चालूं ठेवून त्यांना स्टॅनफर्ड विद्यापीठांत पाठविलें, आणि १९६४ सालीं त्यांनीं विद्युत्-शास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. जें दार एका ठिकाणीं बंद झालें होतें तें नऊ वर्षांनीं दुसरीकडे उघडलें.

पुढें चढत चढत ते त्या कंपनीच्या जगभरच्या अर्धवाहक व्यवसायाचे प्रमुख झाले. याच काळांत त्यांच्या दोन गोष्टी ध्यानांत आल्या. पहिली अशी : जितका माल अधिक बनवावा तितका हात बसत जातो, उतारा वाढतो व खर्च उतरतो. तेव्हां खर्च उतरण्याची वाट न पाहतां आधींच भाव उतरवावा, गिऱ्हाईक आपल्याकडे खेंचावें, म्हणजे माल वाढून खर्च आपोआप खालीं येईल. दर तीन महिन्यांनीं भाव कमी करण्याचें धोरण त्यांनीं या विचारानें चालविलें. दुसरी गोष्ट त्यांना जपानमध्यें दिसली. तेथील कारखान्यांतील उतारा टेक्सासमधील उताऱ्यापेक्षां पुष्कळच अधिक होता. यंत्रें तींच, फरक होता तो माणसांत. जपानी तंत्रज्ञ शिकलेले होते, काम मन लावून करीत आणि वर्षानुवर्षें एकाच जागीं टिकून राहत. अमेरिकेंत हात बसला न बसला तोंच माणूस दुसरी नोकरी धरी.

तथापि टेक्सासमध्यें त्यांचें सारें सुरळीत पार पडलें असें नाहीं. १९७८ सालीं त्यांना गणकयंत्रें, घड्याळें वगैरे घरगुती मालाच्या विभागावर नेमण्यांत आलें. तें काम त्यांच्या हातीं यश देईना. सर्वोच्च पद आपल्याला मिळणार नाहीं, हें ओळखून पंचवीस वर्षांची नोकरी सोडून १९८३ सालीं ते बाहेर पडले. दुसऱ्या एका कंपनींत एक वर्ष काढलें. तेथेंही मन रमलें नाहीं. अशा स्थितींत, वयाची चौपन्न वर्षें झालीं असतांना, त्यांना तैवानच्या सरकारचें बोलावणें आलें.

तैवान हें लहानसें बेट. खेळणीं, कपडे, छत्र्या असा स्वस्त माल करून तें वर येत होतें. पण केवळ स्वस्त मजुरीवर कायम भागणार नाहीं, हें तेथील राज्यकर्त्यांनीं ओळखलें होतें. १९७३ सालीं त्यांनीं औद्योगिक संशोधनाची एक मोठी संस्था काढली, १९७६ सालीं आर.सी.ए. या अमेरिकन कंपनीकडून चिप करण्याची विद्या विकत घेऊन तरुण इंजिनियर शिकावयास पाठविले, आणि १९८० सालीं शिंचू येथें कारखान्यांसाठीं खास वसाहत वसविली. या संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून १९८५ सालीं चँग रुजू झाले. थोड्याच दिवसांत के. टी. ली या ज्येष्ठ मंत्र्यांनीं त्यांना चिपांची एक कंपनी काढण्याची योजना मागितली.

या वेळीं चँग यांनीं जो विचार केला तो त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. तैवानला काय येतें, यापेक्षां काय येत नाहीं याचा हिशेब त्यांनीं आधीं मांडला. नव्या शोधांत देश मागें होता. चिपचे आराखडे काढण्यांत मागें होता. जगाच्या बाजारांत माल खपविण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता. संशोधन संस्थेच्या लहानशा प्रायोगिक कारखान्याचा उतारा मात्र बरा होता. म्हणजे बळ असेल तर तें केवळ बनविण्यांत. मग केवळ बनविण्याचाच धंदा कां करूं नये ?

याला जोड मिळाली ती एका जुन्या अनुभवाची. चिपचा नवा आराखडा सुचलेले अमेरिकेंतील अनेक हुशार इंजिनियर नोकरी सोडून स्वतंत्र धंदा काढूं पाहत. पण कारखाना उभारावयाचा तर कोट्यवधि डॉलर हवे, तेथें त्यांची गाडी अडे. १९८४ च्या सुमारास गॉर्डन कँपबेल नांवाचे गृहस्थ चँग यांच्याकडे पांच कोटि डॉलर भांडवल मागावयास आले होते. कांहीं दिवसांनीं त्यांनीं कळविलें कीं, आतां एवढ्या पैशाची गरज नाहीं. पन्नास लाखांत भागेल, कारण कारखाना न घालतां माल दुसऱ्याकडून करून घेण्याचें ठरविलें आहे. परंतु हा दुसरा कोण ? तो एखादा बडा कारखानदार असे. स्वतःचें काम कमी असेल तेव्हांच तो परक्याचें काम घेई. घाई झाली कीं तें बाजूला सारी. आणि आराखडा चांगला दिसला तर तसाच माल स्वतः काढण्याचा मोह त्याला होण्याची भीति असे. गरजू ग्रंथकाराला आपलें हस्तलिखित प्रतिस्पर्धी ग्रंथकाराच्याच हातीं द्यावें लागावें, तसा हा प्रकार होता.

चँग यांनीं ठरविलें कीं, आपल्या कंपनीनें स्वतःची एकही चिप विकावयाची नाहीं. जो आराखडा आणील त्याचा माल बनवून द्यावयाचा, त्याचें गुपित राखावयाचें, आणि मालावर नांव त्याचेंच घालावयाचें. भांडवल मागण्यासाठीं त्यांनीं अमेरिकेंतील बड्या कंपन्यांना लिहिलें. इंटेलनें नकार दिला. ज्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्यें पंचवीस वर्षें घालविलीं तिनेंही नकार दिला. कारखाना नसलेला चिपवाला म्हणजे कच्चा चिपवाला, अशी त्या वेळची समजूत असल्यामुळें या नव्या धंद्याला गिऱ्हाईक कोठून येणार, हें कोणाला दिसेना. अखेर हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें सत्तावीस टक्क्यांच्या वर भाग घेतला, जवळजवळ निम्मा भाग तैवान सरकारनें उचलला, आणि उरलेला तेथील धनिकांनीं, सरकारनें आग्रह केल्यामुळें, कांहींसा नाखुशीनें घेतला. १९८७ सालीं ‘तैवान सेमिकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. ती टी.एस.एम.सी. या अद्याक्षरांनींच ओळखली जाते.

आरंभींची वर्षें कठीण गेलीं. येणारें काम थोडें, आणि तेंही दुसऱ्यांनीं टाकलेलें. १९८८ च्या सुमारास इंटेलकडून काम मिळविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां त्या कंपनीच्या तपासनिसांनीं कारखान्यांतील दोनशेंहून अधिक दोष काढून दाखविले. हा अपमान न मानतां चँग यांनीं ते दोष एकेक करून दूर करविले, आणि इंटेलचें प्रशस्तिपत्र मिळविलें. काम किती मिळालें यापेक्षां त्या प्रशस्तिपत्राची किंमत अधिक होती. कारण सर्वांत कडक परीक्षकानें उत्तीर्ण केलेला कारखाना म्हणून इतरांचा विश्वास बसूं लागला.

त्यानंतर जें घडलें तें बड्यांच्या अपेक्षेबाहेरचें होतें. कारखाना घालण्याचें ओझें उतरल्याबरोबर केवळ आराखडे काढणाऱ्या लहान लहान कंपन्या भराभर उदयास आल्या. गिऱ्हाईक आधीं नव्हतें हें खरें. पण कारखाना उभा राहिल्यावर त्यानेंच गिऱ्हाईक जन्मास घातलें. १९९३ सालीं निघालेल्या एन्व्हिडिया या कंपनीचे तरुण संस्थापक जेन्सन ह्वांग यांनीं सरळ चँग यांना पत्र लिहिलें. त्या लहानशा कंपनीला उत्तर द्यावयास चँग यांनीं स्वतः दूरध्वनि केला. आज कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांना लागणाऱ्या एन्व्हिडियाच्या ज्या चिपांचा गाजावाजा आहे, त्या मुख्यतः तैवानच्या याच कारखान्यांत तयार होतात. ए.एम.डी. या जुन्या कंपनीनें तर २००९ सालीं आपले कारखाने वेगळे काढून दिले, आणि पुढें तीही टी.एस.एम.सी.ची मोठी गिऱ्हाईक झाली.

२००५ सालीं चँग यांनीं दैनंदिन कारभार दुसऱ्याच्या हातीं सोंपविला. २००८ सालच्या जागतिक मंदींत कंपनीनें कांहीं नोकरांना, त्यांचें काम निकृष्ट ठरवून, कमी केलें. त्यावर मोठा असंतोष माजला. जून २००९ मध्यें, सत्त्याहत्तराव्या वर्षीं, चँग पुन्हां कारभारावर आले. त्यांनीं काढलेल्या माणसांची जाहीर क्षमा मागितली व त्यांना परत येण्याचें आमंत्रण दिलें. मंदीमुळें सर्वत्र हात आंखडला असतांना त्यांनीं खर्च वाढविला : यंत्रांवर २००९ सालीं २७० कोटि डॉलर खर्च झाले होते, ते २०१० सालीं ५९० कोटि झाले. संचालकांपैकीं कांहींना हें साहस वाटलें. पण हातांतल्या दूरध्वनींचें युग नुकतें सुरू होत होतें, आणि २०१४ पासून ॲपल कंपनीच्या दूरध्वनींतील मुख्य चिपा येथें तयार होऊं लागल्या. जून २०१८ मध्यें, वयाची सत्त्याऐंशी वर्षें पुरी होण्यास महिना उरला असतांना, ते निवृत्त झाले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हें यश कठोर परिश्रमांवर उभें आहे. २०१४ च्या सुमारास संशोधन विभागसुद्धां रात्रपाळीसह तीन पाळ्यांत चालविला गेला. कारखान्याला पाणी व वीज अमाप लागते. २०२१ सालीं तैवानांत दुष्काळ पडला तेव्हां सरकारनें हजारों हेक्टर शेतीचें पाणी बंद केलें, आणि चिपांचे कारखाने मात्र चालूं राहिले. सर्वांत मोठी चिंता निराळीच आहे. जगांतील सर्वांत सूक्ष्म चिपांपैकीं बहुसंख्य चिपा एकाच बेटावर तयार होतात. तेथें भूकंप होतात, आणि त्या बेटावर चीन आपला हक्क सांगतो. छापखाना इतका उत्तम झाला कीं जगानें आपले बाकीचे छापखाने मोडून टाकले, असें कांहींसें हें झालें आहे. डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकेंत ॲरिझोना येथें कंपनीच्या नव्या कारखान्याच्या समारंभांत चँग यांनीं जागतिकीकरण व मुक्त व्यापार जवळजवळ संपल्याचें बोलून दाखविलें. अमेरिकेंत पूर्वीं एक कारखाना काढून तेथें खर्च किती वाढतो याचा अनुभव त्यांनीं घेतला होता. त्यामुळें त्या समारंभाच्या आनंदांतही त्यांचा स्वर सावध होता.

लेखक होण्याची बाळपणची इच्छा त्यांनीं उशिरां कां होईना पुरी केली. आत्मचरित्राचा पहिला भाग त्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि दुसरा २०२४ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं.

एवढ्या चरित्रांतून काय घ्यावयाचें ? चँग यांनीं चिपचा शोध लावला नाहीं, एखादें नवें यंत्रही शोधून काढलें नाहीं. आपल्या उणिवांचा हिशेब त्यांनीं प्रामाणिकपणें मांडला, जें एक बळ उरलें त्यावर सर्व भार टाकला, आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द तीस वर्षें मोडला नाहीं. मोह पडण्याजोगे प्रसंग थोडे नव्हते. जगांतील उत्तमोत्तम आराखडे त्यांच्या कारखान्यांतून रोज जात होते. पैकीं एकावर जरी हात टाकला असता, तरी उद्यां दुसरा कोणी आपला आराखडा घेऊन आला नसता. यंत्रें पैशानें विकत मिळतात, आणि तीं प्रतिस्पर्ध्यांनींही घेतलीं. हा विश्वास मात्र कोणाला विकत घेतां आला नाहीं. आमच्याकडील ज्या तरुणांना कारखानदारीची उमेद आहे, त्यांनीं चँग यांच्या कंपनीचे प्रचंड आंकडे पाठ करण्याऐवजीं, आपल्याला काय येत नाहीं याची त्यांनीं १९८५ सालीं मांडलेली ती लहानशी यादी आधीं स्वतःपुरती मांडून पाहावी.